‘तमस’ घरच्यांसह पाहावी का? जुन्या मालिकेची पारख करताना

नेरे (ता. मुळशी) : हिंजवडीलगतच्या मारुंजी, जांबे, नेरे, कासारसाई या पट्ट्यात भाताची खाचरे आणि बहुमजली इमारती आता एकमेकांच्या शेजारी आहेत. नेरे येथील एखाद्या गृहसंकुलात सुटीच्या संध्याकाळी डोकावले, तर एकाच दिवाणखान्यात तीन पिढ्या आढळतात. गावाकडून किंवा परप्रांतातून मुलाकडे राहायला आलेले आजी-आजोबा, कंपनीतून उशिरा परतणारे आई-वडील आणि सातवी-आठवीतली नातवंडे. दूरचित्रवाणी संच भिंतीएवढा झाला, त्यावर काय लावायचे हा वाद मात्र जुनाच राहिला. हल्लीच्या मालिका नकोत, यावर तिघांचेही एकमत होते आणि मग कोणीतरी म्हणते, ‘‘आमच्या वेळची दूरदर्शनवरची मालिका लावा. ती तरी सहकुटुंब पाहता येते.’’

हे विधान तपासून पाहण्याजोगे आहे. जुनी म्हणजे निर्धोक, ही समजूत मुख्यतः स्मृतीवर उभी असते आणि स्मृती नको ते प्रसंग गाळून टाकते. १९८४-८५ मध्ये घराघरांत पाहिल्या गेलेल्या ‘हम लोग’मधला बाप दारुडा होता व त्याच्या व्यसनाची झळ सगळ्या कुटुंबाला बसत होती. ‘महाभारता’ची जाहिरात धार्मिक मालिका म्हणून झाली, तरी द्यूतसभेत भरसभेत एका स्त्रीची विटंबना होते आणि वडीलधारे खाली मान घालून बसतात, हे लहान मूल पाहतेच. मुंबई दूरदर्शनवर सत्तरच्या दशकात गाजलेल्या ‘चिमणराव’कडे आजच्या मुलीने पाहिले, तर त्यातल्या वधूपरीक्षेच्या विनोदावर ती हसेलच, अशी खात्री देता येत नाही. यातील कोणतीही मालिका वाईट ठरत नाही. ‘जुनी’ हे केवळ वयाचे विशेषण आहे आणि योग्यायोग्यतेचा दाखला म्हणून ते चालणार नाही, एवढेच यातून दिसते.

या प्रश्नाचा खराखुरा कस लागला, तो गोविंद निहलानी यांच्या ‘तमस’ या मालिकेच्या वेळी. देशाच्या फाळणीपूर्वीच्या दंगलींवरील ही मालिका जानेवारी १९८८ मध्ये दूरदर्शनवर सुरू झाली आणि ती लोकांच्या घरात जाऊ द्यावी की नाही, हे ठरवण्याचा प्रसंग मुंबई उच्च न्यायालयावर आला. आज ती पुन्हा पाहू इच्छिणाऱ्या कुटुंबाला त्या वेळच्या न्यायमूर्तींनी वापरलेली पद्धत अजूनही उपयोगी पडते. त्यांनी जे ठरवले नाही, त्याचा निर्णय मात्र घरातच करावा लागतो.

भिवंडीतून रावळपिंडीकडे

‘तमस’ ही भीष्म साहनी यांची हिंदी कादंबरी. तिला १९७५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. साहनी मूळचे रावळपिंडीचे. मार्च १९४७ मध्ये त्या जिल्ह्यात उसळलेल्या दंगली त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या, पण त्यावर लिहायला त्यांना दोन दशकांहून अधिक काळ लागला. निमित्त ठरले महाराष्ट्रातले. १९७० मध्ये भिवंडीत दंगल झाली, तेव्हा साहनी तेथे गेले होते. तिथली जळालेली, ओस पडलेली घरे पाहून त्यांना रावळपिंडी आठवली आणि परतल्यावर त्यांनी कादंबरी हाती घेतली, असे त्यांनीच आपल्या आत्मकथनात नोंदवले आहे. तेव्हा ‘तमस’ ही दूरच्या पंजाबची गोष्ट आहे, असे मराठी वाचकाने समजू नये.

निहलानी यांचा जन्म १९४० मध्ये कराचीत झाला. फाळणीत त्यांच्या कुटुंबाला घर सोडावे लागले. नेरेपासून फार लांब नसलेल्या पिंपरीतही फाळणीनंतर निर्वासित सिंधी कुटुंबांची छावणी वसली आणि तिचे पुढे ‘पिंपरी कॅम्प’ झाले. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर असेच कल्याणच्या लष्करी छावणीतून उभे राहिले. या वस्त्यांत वाढलेल्या घरांत फाळणी इतिहासाच्या धड्यात शिरण्याआधी आजीच्या बोलण्यात येते. अशा घराने ‘तमस’ पाहणे आणि इतरांनी ती पाहणे, यांत फरक पडतो. तो पुढे येईलच.

दोन न्यायमूर्तींनी आधी मालिका पाहिली

मालिकेचे पहिले भाग जानेवारी १९८८ मध्ये शनिवारी दाखवले गेले. लगेच वादंग उठले. दूरदर्शनच्या कार्यालयांवर निदर्शने झाली, दिग्दर्शकाला धमक्या आल्या व पोलीस संरक्षण घ्यावे लागले. मालिकेमुळे धार्मिक तेढ वाढेल व सार्वजनिक शांतता भंगेल, अशी तक्रार करणारी याचिका मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाली आणि एकल न्यायमूर्तींनी प्रक्षेपणाला स्थगिती दिली. प्रकरण खंडपीठापुढे गेले. खंडपीठावर होते न्या. बख्तावर लेंटिन आणि न्या. सुजाता मनोहर. लेंटिन हे नाव वाचकांना जे. जे. रुग्णालयातील ग्लिसेरॉल प्रकरणाच्या चौकशी आयोगामुळे आठवत असेल. न्या. मनोहर पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला मुख्य न्यायमूर्ती झाल्या आणि नंतर सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

या दोघांनी प्रथम काय केले, तर मालिका पाहिली. दाखवलेले भाग आणि न दाखवलेले भाग, सगळे सलग. वादाचे प्रसंग तेवढे निवडून पाहणे त्यांनी टाळले. मग त्यांनी स्थगिती उठवली. सामान्य प्रेक्षक अशिक्षित असला, तरी त्याला व्यवहारज्ञान नसते असे मानणे चुकीचे आहे. दोन्ही बाजूंचे अतिरेकी कसे माणसांना चिथावतात, हे पडद्यावर दिसल्यावर ते त्याला उमजते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. शिक्षितांनी अशिक्षितांच्या वतीने घाबरण्याची जी सवय आपल्याकडे आहे, तिला हे उत्तर होते. घरात मोठ्यांनी लहानांच्या वतीने घाबरण्यालाही ते काही अंशी लागू पडते. काही अंशीच, कारण मूल म्हणजे अशिक्षित प्रौढ नव्हे.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयातही गेले. ‘रमेश विरुद्ध भारत सरकार’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात न्या. सब्यसाची मुखर्जी व न्या. एस. रंगनाथन यांनी १६ फेब्रुवारी १९८८ रोजी निकाल दिला आणि याचिका फेटाळली. चित्रपटाचे माध्यम भावना अधिक तीव्रपणे ढवळून काढते, हे त्यांनी नाकारले नाही. पण जे माध्यम हिंसेचा ठसा उमटवू शकते, तेच माणुसकीचा, परस्परांना दिलेल्या आसऱ्याचा ठसाही तितकाच खोल उमटवू शकते, असे त्यांनी म्हटले. म्हणून एकेक दृश्य सुटे काढून तोलू नये, संपूर्ण कृतीचा परिणाम तोलावा.

नागपूरची कसोटी

परिणाम तोलायचा, तो कोणाच्या मनावरचा? येथे सर्वोच्च न्यायालयाने जी कसोटी वापरली ती नागपूरची आहे. नागपूर उच्च न्यायालयाचे न्या. व्हिव्हियन बोस यांनी १९४७ च्या सुमारास भगवतीचरण शुक्ल यांच्या खटल्यात असे मत मांडले होते, की शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर, धीराच्या माणसाच्या दृष्टीने मोजावा. दुबळ्या, डळमळीत मनाच्या आणि प्रत्येक विरोधी मतात संकटाचा वास घेणाऱ्या माणसाच्या दृष्टीने मोजू नये. खटला वृत्तपत्रीय मजकुराचा होता. चार दशकांनंतर तोच निकष एका दूरदर्शन मालिकेला लावला गेला.

याआधी १९७० मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ‘अ टेल ऑफ फोर सिटीज’ या माहितीपटाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले होते. मुख्य न्यायमूर्ती एम. हिदायतुल्ला यांनी त्या निकालात चित्रपटाचे परीक्षण व वयानुसार वर्गवारी करण्याचा सरकारचा अधिकार मान्य केला, पण कलाकृतीकडे अगदीच हळव्या नजरेने पाहू नये, हेही बजावले. हिदायतुल्लाही नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले. आपल्याकडे ‘काय पाहावे’ याचे कायदेशीर व्याकरण बऱ्याच अंशी या दोन नागपूरकर न्यायमूर्तींनी घडवले, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

घरी निर्णय घेताना मात्र या कसोटीची मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. ‘समंजस व धीराचा माणूस’ हा प्रौढ नागरिक आहे. सार्वजनिक प्रक्षेपणाला बंदी घालावी का, या प्रश्नासाठी तो मापदंड योग्यच. पण आठ वर्षांच्या मुलाला शेजारी बसवून कोणता प्रसंग दाखवावा, हा प्रश्न त्या मापाने सुटत नाही. बंदी नको म्हणणारा पालक आपल्या मुलाला ती मालिका आणखी चार वर्षांनी दाखवीन असे म्हणू शकतो, आणि त्यात विसंगती काहीच नाही.

प्रमाणपत्रावर किती विसंबावे

‘तमस’ चित्रपटाप्रमाणे चित्रित झाली होती व तिला परीक्षण मंडळाचे ‘यू’ प्रमाणपत्र होते. म्हणजे सर्व वयोगटांना मुक्त प्रदर्शन. १९८३ पासून ‘यूए’ हा पालकांच्या मार्गदर्शनाचा मधला वर्ग उपलब्ध होता, तरी तो दिला गेला नाही. आज ती पाहणाऱ्या पालकाला हे आश्चर्याचे वाटेल. हल्लीची वर्गवारी अधिक बारीक आहे. ऑनलाइन मंचांसाठी २०२१ च्या नियमांनी ७, १३ व १६ वर्षे असे टप्पे आणले आणि सिनेमॅटोग्राफ कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीने चित्रपटांच्या ‘यूए’ वर्गाचेही तसेच तीन भाग केले. या मापाने ‘तमस’ १३ वर्षांवरील वर्गाच्या खाली येणे कठीण आहे. त्यातल्या एक-दोन प्रसंगांसाठी कोणी १६ वर्षांचा आग्रह धरला, तरी त्याला हटवादी म्हणता येणार नाही.

दूरचित्रवाणी मालिकांना सहसा असे कोणतेही प्रमाणपत्र नसते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. केबल दूरचित्रवाणी जाळ्यांचा १९९५ चा कायदा आणि त्याखालील कार्यक्रम संहिता वाहिन्यांना लागू आहे. मुले मोठ्या संख्येने पाहत असतील अशा वेळी मुलांना अयोग्य कार्यक्रम दाखवू नयेत, असे ती सांगते. मुंबईतील प्रा. प्रतिभा नैथानी यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये दिलेल्या आदेशामुळे केबलवरच्या प्रौढांसाठीच्या चित्रपटांना चाप बसला. २०११ मध्ये वाहिन्यांनी स्वनियमनासाठी तक्रार परिषद स्थापन केली. न्या. ए. पी. शहा तिचे पहिले अध्यक्ष होते. मर्यादित प्रेक्षकांसाठीचे कार्यक्रम रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेतच दाखवावेत, असे तेव्हा ठरले. ही सारी व्यवस्था वेळेवर उभी आहे. भ्रमणध्वनीवर कोणीतरी चढवून ठेवलेल्या जुन्या मालिकेला वेळ नसते आणि बहुधा वर्गही नसतो. तेथे पालक हेच परीक्षण मंडळ.

पडद्यावर नेमके काय आहे

मालिकेची सुरुवातच अवघड आहे. नत्थू हा मेलेल्या जनावरांची कातडी सोलणारा गरीब माणूस. एक ठेकेदार त्याला पाच रुपये देतो आणि डुक्कर मारून द्यायला सांगतो. नत्थूने असे काम कधी केलेले नाही. रात्रभर, कोंदट खोपटात, तो आणि ते जनावर यांची झटापट चालते. ओम पुरी यांनी हा प्रसंग ज्या थकव्याने, किळसेने केला आहे तो विसरता येत नाही. सकाळी ते डुक्कर मशिदीच्या पायऱ्यांवर सापडते आणि शहर पेटू लागते. आपण काय करून बसलो हे नत्थूला कळते, पण ते कोणाला सांगता येत नाही. पत्नी कर्मो (दीपा साही) हिला घेऊन तो बाहेर पडतो.

प्राण्याच्या हत्येचा हा प्रसंग लहान मुलांना सर्वांत जास्त छळतो. त्यांच्या दृष्टीने दंगल अमूर्त असते, ओरडणारे जनावर खरे असते. मुलांबरोबर पाहायची असेल, तर हा प्रसंग पुढे सरकवावा आणि काय घडले ते तोंडी सांगावे. कथानकाचा धागा तुटत नाही. त्यानंतर एका किशोरवयीन मुलाला ‘मन घट्ट’ करण्यासाठी कोंबडी मारायला लावतात, तो प्रसंग मात्र वगळू नये. तो तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठीच आहे, असे म्हटले तरी चालेल. मुलगा आधी घाबरतो, त्याला उलटी येते, मग तो ‘तयार’ होतो. द्वेष शिकवला जातो व तो शिकवणारे लोक आदरणीय दिसतात, ही गोष्ट या एका प्रसंगाइतकी स्पष्ट क्वचितच कोणी दाखवली असेल. ज्या वयात मुले भ्रमणध्वनीवरच्या गटांत सामील होतात, त्याच वयाचा हा मुलगा आहे.

दुसऱ्या टोकाला सुरेखा सिक्री यांची राजो आहे. घरातले पुरुष लुटीला गेलेले असताना दारात आलेल्या वृद्ध शीख दांपत्याला, हरनामसिंग आणि बंतो यांना, ती आसरा देते. तिच्या चेहऱ्यावर भीती आहे, कुरकुर आहे, आणि तरीही ती कडी उघडते. या भूमिकेसाठी सिक्री यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हरनामसिंगाची भूमिका स्वतः भीष्म साहनी यांनी केली आहे आणि बंतो आहेत दीना पाठक. वनराज भाटिया यांच्या संगीतालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तर ‘तमस’ला राष्ट्रीय एकात्मतेवरील चित्रपटाचा नर्गिस दत्त पुरस्कार देण्यात आला.

रक्त पडद्यावर फारसे नाही. आजच्या मालिका आणि खेळ पाहणाऱ्या मुलांना हिंसा थोडीच वाटेल. त्रास होतो तो प्रतीक्षेचा. बंद खिडक्या, दुरून येणाऱ्या घोषणा, दारावरची थाप. म्हणून ‘रक्त नाही, म्हणजे चालेल’ हा ढोबळ निकष येथे फसतो.

विहिरीचा प्रसंग

सर्वांत कठीण प्रसंगाबद्दल मात्र फारसे बोलले जात नाही. गुरुद्वारात अडकलेल्या शीख स्त्रिया, जमाव जवळ येतो आहे असे कळल्यावर, मुलांना घेऊन रांगेने विहिरीकडे जातात आणि उड्या घेतात. पुढे असते जसबीर. ही भूमिका उत्तरा बावकर यांची आहे. त्यांचे २०२३ मध्ये पुण्यात निधन झाले. या प्रसंगाला आधार आहे. मार्च १९४७ मध्ये रावळपिंडी जिल्ह्यातील थोहा खालसा या गावी अनेक स्त्रियांनी विहिरीत जीव दिला.

डुक्कर मारण्याच्या प्रसंगात कोणी प्रेक्षक फसत नाही. ते घृणास्पद आहे आणि तसेच दिसते. विहिरीचा प्रसंग मात्र सुंदर आहे. पांढरे कपडे, पाठीमागचे सूर, शांत चेहरे. पाहणाऱ्या मुलीला त्यातून ‘बाईने अशा वेळी मरणेच बरे’ असा अर्थ कळू शकतो. १९८८ मध्ये बहुतेक घरांत या प्रसंगाला हात जोडले गेले असतील. पुढे उर्वशी बुटालिया यांनी फाळणीतून वाचलेल्यांशी बोलून लिहिलेल्या पुस्तकात (१९९८) थोहा खालसाच्या त्या मरणांना निव्वळ ‘स्वेच्छा’ म्हणता येईल का, हा प्रश्न विचारला. घरातल्याच पुरुषांनी ‘अब्रू’साठी स्त्रियांना मारल्याच्या हकिगतीही त्यात आल्या. हा प्रश्न माहीत नसलेल्या पिढीने मालिका पाहिली, आजच्या पिढीने तो माहीत करून घेऊन पाहावी. प्रसंग वगळण्याचे कारण नाही. पण तो संपल्यावर पडदा थांबवून बोलणे आवश्यक आहे.

‘‘आजी, त्या बायकांना दुसरं काहीच करता येत नव्हतं का?’’ असे नात विचारील. ‘‘तेव्हाची रीतच तशी होती,’’ हे उत्तर सोपे आहे, पण अपुरे. त्या स्त्रियांना कोणी विचारले होते का, त्यांच्या मुलांना कोणी विचारले होते का, असे उलट विचारणारी आजी त्या घराला लाभली, तर ‘तमस’ तिथे खुशाल लावावी. असे बोलायला कोणी तयार नसेल, तर ती संध्याकाळ पुढे ढकलावी.

आठवड्याचे अंतर

जुन्या मालिकेची आणखी एक गोष्ट आज सहज हरवते. ती म्हणजे दोन भागांमधले दिवस. ‘तमस’ प्रथम भागाभागांनी आली. प्रत्येक भागानंतर घरात, कार्यालयात, पाण्याच्या नळावर चर्चा होई, वृत्तपत्रांत पत्रे येत. पुढच्या शनिवारपर्यंत मनावरचा भार थोडा उतरे. नंतर ती चार तासांच्या सलग चित्रपटाच्या रूपातही दाखवण्यात आली आणि ऑगस्ट २०१३ मध्ये एका इतिहासविषयक वाहिनीवर पुन्हा भागांत आली. सलग चार तास पाहणे प्रौढांनाही जड जाते. मुलांबरोबर पाहायची असेल, तर भाग करावेत आणि मध्ये निदान दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत. रात्री उशिरा पाहू नये. जेवताना तर नकोच, पहिल्या प्रसंगामुळे.

इंटरनेटवर मिळणाऱ्या प्रती अनेकदा तुकड्यांत असतात, कोठे शेवट कापलेला, कोठे चित्र अंधूक. ‘तमस’च्या बाबतीत अर्धी प्रत घातक ठरते. न्यायालयाने जे सांगितले, ‘संपूर्ण कृतीचा परिणाम तोला’, त्याची दुसरी बाजू अशी की अर्धीच कृती पाहिली, तर परिणामही अर्धा होतो. ज्याने केवळ गुरुद्वारावरचा हल्ला पाहिला आणि राजोचे घर पाहिले नाही, त्याच्या मनात एका समाजाविषयीचा राग तेवढा उरतो. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या दोन मिनिटांच्या चित्रफिती हेच करतात. प्रत पूर्ण आहे याची खात्री झाल्याशिवाय मुलांना लावून देऊ नये.

भाषेची अडचणही येते. संवाद पंजाबी वळणाच्या हिंदुस्तानीत आहेत. मराठी माध्यमातल्या मुलांना निम्मे शब्द कळत नाहीत आणि न कळलेल्या जागी ती आपला अर्थ भरतात. घरात कोणी हिंदीभाषक किंवा पंजाबी शेजारी असतील, तर त्यांना बोलवावे. नेऱ्यासारख्या संमिश्र वस्तीत ते अवघड नाही.

कोणाबरोबर पाहावी

शेजाऱ्यांचा प्रश्न मात्र यातूनच निघतो. गृहसंकुलांत एका मजल्यावर वेगवेगळ्या धर्मांची, प्रांतांची कुटुंबे राहतात. मुले एकत्र खेळतात. ‘तमस’ पाहून उठलेले दहा वर्षांचे मूल दुसऱ्या दिवशी खेळताना मित्राला काय विचारील, याचा विचार पालकांनी आधीच करावा. दहाव्या वर्षी ‘त्यांनी’ आणि ‘आपण’ असे दोनच गट कळतात. ठेकेदार कोण, त्याला पैसे कोणी दिले, इंग्रज जिल्हाधिकारी रिचर्ड (बॅरी जॉन) शिष्टमंडळाची विनंती ऐकूनही संचारबंदी का लावत नाही, हे कळायला आणखी तीन-चार वर्षे जावी लागतात. आणि मालिकेचे मर्म त्या खाजगी हिशेबांत आहे. ते कळण्याच्या आधी दाखवली, तर तिचा उलटाच अर्थ लागण्याचा धोका आहे. रक्तापेक्षा हा मुद्दा अधिक महत्त्वाचा, म्हणून बारा वर्षांखालील मुलांना ती दाखवू नये, असेच म्हणावे लागते.

बैठकीत मूल असो वा नसो, फाळणीची झळ बसलेल्या घरातील वृद्धांचा विचार वेगळा करावा लागतो. पिंपरी किंवा उल्हासनगरच्या छावणीत बालपण गेलेल्या आजीला ‘ऐतिहासिक मालिका’ म्हणून ती न विचारता लावून देणे योग्य नव्हे. काहींना ती पाहून बोलावेसे वाटते, काही मुकाट्याने उठून आत जातात. आधी विचारावे. नकार आला, तर कारण विचारू नये.

अशा घरांना प्रारंभासाठी रमेश सिप्पी यांची ‘बुनियाद’ (१९८६-८७) अधिक सोयीची आहे. मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेल्या त्या मालिकेत फाळणी एका कुटुंबाच्या सुखदुःखांतून येते, घर पुन्हा उभे राहते आणि लहानांना धरून ठेवणारे प्रसंग पुष्कळ आहेत. मात्र ती लांबलचक आहे. सुटीत सुरू केली, तर दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत पुरेल. श्याम बेनेगल यांच्या ‘भारत एक खोज’चे ५३ भाग आहेत व त्यातले हवे ते निवडून पाहता येतात, म्हणून शाळकरी मुलांसाठी ती सर्वांत सोपी निवड.

‘तमस’ पाहायचीच असे ठरले, तर ज्या मोठ्या माणसाने निर्णय घेतला, त्याने ती आधी एकट्याने, संपूर्ण पाहावी. १९८८ साली लेंटिन आणि मनोहर यांनी हेच केले होते. वेळ लागतो सुमारे चार तास. पाहताना वही जवळ ठेवावी आणि डुकराचा प्रसंग कोठे संपतो, विहिरीचा कोठे सुरू होतो, तेवढी वेळ मिनिटांत लिहून ठेवावी. शनिवारी पहिला भाग लावताना ती उपयोगी पडेल.